देवाला कोर्टात खेचणारा आमदार: नेब्रास्काचा अर्नी चेंबर्स

कणसातला_दाणा

नेब्रास्कात येऊन मला बारा वर्षं झाली. घरून फोन आला की अजून प्रश्न तोच, "तिकडे आहे तरी काय?" मका, गुरं आणि वॉरन बफे. यादी संपली.

परवा आमच्याकडे जेवायला मंडळी जमली होती. एका मित्राचे वडील सांगलीहून आलेत. पिठलं-भाकरी झाल्यावर गप्पा साहजिकच आपल्याकडच्या राजकारणावर गेल्या. काका म्हणाले, "सभागृहात एकटा माणूस काय करणार? शेवटी आकडा लागतो." मी म्हटलं, काका, आकडा नसताना काय काय करता येतं हे बघायचं असेल तर उद्या लिंकनला, म्हणजे इथल्या राजधानीला, चला. दुसऱ्या दिवशी नेलंही. गाडीत त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

आधी त्या सभागृहाबद्दल, कारण ते समजल्याशिवाय अर्नी चेंबर्स हा माणूस समजत नाही. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांपैकी एकट्या नेब्रास्काचं विधिमंडळ एकाच सभागृहाचं आहे. जॉर्ज नॉरिस नावाच्या इथल्या सिनेटरने राज्यभर फिरून लोकांना पटवलं की एकच काम दोन-दोन सभागृहांत करायची काही गरज नाही, उलट दोघांच्या मधल्या बंद खोलीतल्या समितीतच खरे घोळ होतात. १९३४ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि १९३७ मध्ये नवं सभागृह भरलं. तेव्हा ४३ सदस्य होते, आता ४९ आहेत. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. कोण कुठल्या पक्षाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, रिपब्लिकन मंडळी जास्त असतात हेही ठाऊक असतं, पण सभागृहात पक्षाचा व्हिप नाही. पगार वर्षाला १२,००० डॉलर, म्हणजे महिन्याला हजार. त्यात घरभाडं भागलं तर नशीब.

ज्या वर्षी हे सभागृह पहिल्यांदा भरलं त्याच वर्षी, १० जुलै १९३७ ला, ओमाहात अर्नी चेंबर्सचा जन्म झाला. ओमाहा म्हणजे तेव्हा कत्तलखान्यांचं गाव. वडील मांस-कारखान्यात कामाला आणि चर्चमध्ये प्रवचनकार. मुलगा निघाला नास्तिक. क्रायटन या जेझुइट विद्यापीठातून १९५९ मध्ये इतिहासाची पदवी घेतली, मग कायद्याला प्रवेश घेतला, तो अर्धवट राहिला. टपाल खात्यात नोकरी लागली, तीही १९६३ मध्ये गेली. त्याचं म्हणणं, वरिष्ठ काळ्या कर्मचाऱ्यांना 'पोरा' म्हणून हाक मारायचे, त्याविरुद्ध बोललो म्हणून काढलं. मग उत्तर ओमाहात, म्हणजे काळ्या वस्तीत, एका सलूनमध्ये केस कापायला लागला.

त्या सलूनमधला चेंबर्स आजही बघता येतो. १९६६ मध्ये ओमाहातल्या एका गोऱ्या पाद्रीवर माहितीपट निघाला होता. आपल्या चर्चमधल्या गोऱ्या कुटुंबांनी शेजारच्या वस्तीतल्या काळ्या कुटुंबांकडे नुसतं भेटायला जावं, एवढीच त्या पाद्रीची इच्छा. तो भला माणूस चर्चा करायला सलूनमध्ये येतो. खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं, चेंबर्स उभा. तिशीसुद्धा गाठलेली नाही. आवाज न चढवता, हातातलं काम न थांबवता तो पाद्रीला सांगत जातो की तुमचा धर्म काय शिकवतो आणि तुम्ही आमच्याशी कसं वागता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तुमची माणसं हे होऊ देणार नाहीत. पाद्री ऐकत राहतो. पुढे खरंच त्याला ते चर्च सोडावं लागलं. माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. मी तो प्रसंग चार-पाच वेळा पाहिलाय. गिऱ्हाईक हूं की चूं करत नाही, त्याचीच मला गंमत वाटते.

त्या वर्षांत ओमाहात दंगली झाल्या. १९६९ मध्ये व्हिव्हियन स्ट्रॉंग ही चौदा वर्षांची मुलगी पोलिसाच्या गोळीने गेली. वस्तीच्या वतीने बोलायला पुढे कोण, तर हा सलूनवाला. १९७० मध्ये तो अकराव्या मतदारसंघातून उभा राहिला, निवडून आला आणि जानेवारी १९७१ मध्ये सभागृहात जाऊन बसला. पुढची अडतीस वर्षं उठलाच नाही. त्यातली कित्येक वर्षं ४९ जणांत तो एकटाच काळा सदस्य होता.

आता मुद्द्याचं. एकट्याने केलं काय? त्याने नियमांचं पुस्तक पाठ केलं. अतिशयोक्ती करत नाहीये. इथे प्रत्येक प्रस्तावावर सदस्याला पाच-पाच मिनिटं तीनदा बोलता येतं. आता एखादं विधेयक आवडलं नाही की हा प्रस्ताव आणणार: 'बेमुदत पुढे ढकला'. त्यावर बोलणार. तो पडला की 'समितीकडे परत पाठवा'. त्यावर बोलणार. तो पडला की 'आत्ताच्या मतदानाचा फेरविचार करा'. पुन्हा बोलणार. मग दुरुस्त्या, स्वल्पविरामापासून. तोंड बंद करायचं तर ३३ मतं जमवावी लागतात. आणि अधिवेशन किती दिवसांचं? एका वर्षी ९० दिवस, दुसऱ्या वर्षी ६०. साठ दिवसांतले चार दिवस एका माणसाने खाल्ले तर बाकीच्या अठ्ठेचाळीस जणांची विधेयकं रांगेत ताटकळतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात लोक आपणहून त्याच्या टेबलापाशी यायचे, "अर्नी, यातलं काय काढू?"

सभागृहात पुरुषांनी कोट-टाय घालायची पद्धत. हा जीन्स आणि बिनबाह्यांचा स्वेटशर्ट घालून यायचा.

या पद्धतीने त्याने नुसतंच अडवलं असं नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद होता तेव्हा तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांतून राज्याचा पेन्शनचा पैसा काढून घ्या, असा ठराव त्याने १९८० मध्ये मांडला आणि मंजूर करून घेतला. असं करणारं पहिलं राज्य न्यूयॉर्क नव्हे, कॅलिफोर्निया नव्हे, मक्याचं नेब्रास्का. ओमाहा महापालिकेची निवडणूक तेव्हा सगळ्या शहराची मिळून व्हायची, त्यामुळे काळ्या वस्तीचा माणूस कधीच निवडून येत नसे. १९७९ मध्ये कायदा करून त्याने प्रभाग पाडायला लावले आणि १९८१ मध्ये पहिला काळा नगरसेवक निवडून आला. शाळेत मुलांना मारायला १९८८ मध्ये बंदी आली, त्यामागेही हाच. आणि मधल्या काळात, आमदारकी करता करता, १९७९ मध्ये कायद्याची पदवी पूर्ण केली. पण वकील संघटनेचं सदस्य व्हायला नकार दिला, म्हणून वकिली कधी केलीच नाही.

सगळ्यात लांबची लढाई फाशीची. देहदंड रद्द करा, हे विधेयक तो जवळजवळ दर अधिवेशनात मांडायचा. तीसहून जास्त वेळा मांडलं. १९७९ मध्ये एकदा मंजूर झालं, राज्यपाल (इथे ते लोकांतून निवडून येतात) चार्ल्स थोन यांनी नकाराधिकार वापरला. पुन्हा पहिल्यापासून. २०१५ मध्ये एलबी २६८ हे विधेयक ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं. राज्यपाल पीट रिकेट्स यांनी २६ मेला ते फेटाळलं. नकाराधिकार मोडायला ३० मतं लागतात. दुसऱ्या दिवशी मतदान झालं: ३० विरुद्ध १९. आधीच्या ३२ तले दोघे फुटले होते, एक जरी आणखी फुटता तरी गेलं होतं. त्या तिसांत परंपरावादी रिपब्लिकन बरेच होते. कुणाला खर्च पटत नव्हता, कुणाला धर्म आडवा येत होता, कुणाचं म्हणणं सरकारला धड रस्ते करता येत नाहीत, जीव घ्यायचा अधिकार कशाला द्यायचा. चाळीस वर्षं एकटा बोलत राहिलेल्या माणसाला शेवटी मतं मिळाली ती अशा लोकांची.

आणि मग? राज्यपालांच्या गटाने सह्या गोळा केल्या, प्रश्न मतदारांपुढे गेला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये साधारण ६१ टक्के लोकांनी फाशी परत आणली. १४ ऑगस्ट २०१८ ला कॅरी डीन मूर या कैद्याला इंजेक्शन देऊन मारलं. नेब्रास्कात १९९७ नंतरची ती पहिली अंमलबजावणी. चेंबर्स तेव्हा सभागृहातच होता, ८१ वर्षांचा.

बाकी प्रतिसादांत लिहीन. बोटं दुखली.

---

खवचट_खापरे

लेख झकास. पण शीर्षकात देव आहे आणि लेखात देवाचा पत्ताच नाही! ही ग्राहकांची फसवणूक आहे.

---

कणसातला_दाणा

@खवचट_खापरे, पत्ता नाही म्हणूनच तर तो खटला पडला!

१४ सप्टेंबर २००७ ला चेंबर्सने ओमाहाच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. वादी अर्नी चेंबर्स, प्रतिवादी देव. मागणी अशी की पूर, भूकंप, वादळं, साथी वगैरेंनी प्रतिवादी जगभर दहशत माजवतो, तरी त्याला कायमची मनाई करावी. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. कारण? प्रतिवादीचा पत्ता नाही, समन्स बजावता येत नाही. चेंबर्सचं म्हणणं, देव सर्वज्ञ आहे हे मान्य ना? मग दावा लागल्याचं त्याला कळलेलंच आहे. वेगळी नोटीस कशाला? शिवाय याच कोर्टात साक्षीदार त्याच्या नावाने शपथ घेतात, म्हणजे कोर्टाने त्याचं अस्तित्व मान्यच केलंय.

मधल्या काळात देवाच्या वतीने दोन लेखी जबाबही दाखल झाले. एक कोर्टाच्या काउंटरवर कुणी ठेवला ते कुणालाच दिसलं नाही. त्यावर साक्षीदार म्हणून देवदूत मायकेलचं नाव होतं. दुसरा टेक्सासमधल्या एका वकिलाच्या फोन नंबरसकट.

हे सगळं गंमत म्हणून नव्हतं हां. त्या सुमारास इथल्या एका न्यायाधीशांनी बलात्काराच्या खटल्यात 'बलात्कार' आणि 'पीडित' हे शब्द साक्षीत वापरायला मनाई केली होती. त्यावर त्या खटल्यातल्या पीडित बाईने दावा लावला तर तो फालतू ठरवला जात होता. फालतू दावे बंद करायला हवेत अशी भाषा सुरू झाली. चेंबर्सला दाखवायचं होतं की कोर्टाचं दार कुणालाही, कुणाहीविरुद्ध उघडं असलंच पाहिजे.

---

खवचट_खापरे

_/\_ दंडवत. परेश रावळचा तसा पिक्चर आला तो यानंतर पाच वर्षांनी. नेब्रास्का पुढे निघालं.

---

कोर्टाची_पायरी

देवाशी त्यांचं हे पहिलंच भांडण नव्हे. पहिलं थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात झालं आणि ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून वाचावं लागतं: मार्श विरुद्ध चेंबर्स, १९८३.

नेब्रास्काच्या सभागृहाची सुरुवात रोज प्रार्थनेने व्हायची. त्यासाठी १९६५ पासून एकच प्रेस्बिटेरियन पाद्री, रॉबर्ट पामर, राज्याच्या तिजोरीतून पगार घेत होते, महिन्याला ३१९ डॉलर ७५ सेंट. चेंबर्स म्हणाले, सरकारने धर्माला थारा देऊ नये असं राज्यघटना म्हणते, मग हा पगार कसा? खालच्या अपील न्यायालयात ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध ३ असे हरले. मुख्य न्यायाधीश बर्गर यांनी लिहिलेल्या निकालाचं सार असं: पहिल्या काँग्रेसने घटनेतली धर्माबद्दलची ती दुरुस्ती लिहिली त्याच आठवड्यात प्रार्थनेसाठी पगारी पाद्रीही नेमला, तेव्हा लिहिणाऱ्यांना हे घटनाबाह्य वाटत नव्हतं. म्हणजे सरकार आणि धर्म यांच्या खटल्यांत लावायची नेहमीची कसोटी बाजूला ठेवली आणि परंपरेवर निकाल दिला. ब्रेनन यांचं विरोधी मत मिळालं तर जरूर वाचा. बहुमताने आपलीच कसोटी लावायचं कसं टाळलं, ते त्यात सरळ दाखवलंय. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ग्रीस गावच्या प्रार्थनेचा वाद आला तेव्हा आधार याच निकालाचा घेतला.

मला मौज वाटते ती याची की निकाल लागला आणि चेंबर्स दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात जाऊन बसायला मोकळे होते. ज्यांच्यावर दावा लावला त्यांच्याच शेजारी बसायचं आणि मतंही मागायची. आपल्याकडे शेजारच्या फ्लॅटवाल्याशी पार्किंगवरून वाद झाला तर दहा वर्षं लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

---

नाना_माणदेशी

वाचताना सारखे आमच्या सांगोल्याचे आबासाहेब डोळ्यांसमोर येत होते. गणपतराव देशमुख. १९६२ ला पहिल्यांदा आमदार, अकरा वेळा निवडून आले, तेही शेकापकडून, म्हणजे आकडा कधीच नसलेल्या पक्षाकडून. पाणी, पाणी आणि पाणी, एकच विषय पन्नास वर्षं. एसटीने जायचे. फरक एवढाच की आबासाहेबांचा आवाज सभागृहात कधी कुणावर चढला नाही, आणि हा गडी जीभ तलवारीसारखी फिरवणारा दिसतो.

---

गोंयकार_पुणे

एकच सभागृह म्हटल्यावर कान टवकारले. आमच्या गोव्यातही एकच आहे की, ४० आमदारांचं. महाराष्ट्रात २८८ ची विधानसभा आणि वर ७८ ची विधान परिषद. भारतात बहुतेक राज्यांत एकच सभागृह असतं, त्यामुळे नेब्रास्काची आम्हाला काय नवलाई! खरी नवलाई पक्ष न छापण्याची. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर आपल्याकडचा आमदार व्हिप मोडून मत देईल तर आमदारकीच जाईल. त्या तिसांतले परंपरावादी आपल्याकडे असते तर राज्यपालांच्या विरोधात मत देऊ शकले असते का?

---

कणसातला_दाणा

@गोंयकार_पुणे, अगदी हेच काकांनी गाडीत विचारलं. उत्तर: इथेही त्यांना किंमत मोजावी लागली. २०१६ च्या निवडणुकीत राज्यपालांनी स्वतःच्या पक्षाच्या काही आमदारांविरुद्ध दुसऱ्यांना बळ दिलं. पण मत दिलं म्हणून खुर्ची त्याच दिवशी गेली नाही, एवढं खरं.

---

अदिती_ओमाहा

मी उत्तर ओमाहाच्या अगदी जवळ काम करते, त्यामुळे थोडं वेगळं लिहिते. दाण्या, तू २००६ गाळलंस. मुद्दाम?

ओमाहाच्या शाळांच्या हद्दीवरून तेव्हा भांडण पेटलं होतं. शहराच्या शाळामंडळाला उपनगरांतल्या शाळा ताब्यात घ्यायच्या होत्या, उपनगरं चिडलेली. त्या गोंधळात चेंबर्सनी दुरुस्ती आणली की ओमाहाच्या शाळामंडळाचे तीन तुकडे करा. नकाशा बघितला तर एक मुख्यतः काळ्यांचा, एक गोऱ्यांचा, एक हिस्पॅनिक मुलांचा. सभागृहाने मंजूर केलं, राज्यपाल हाइनमन यांनी सही केली. देशभर बोंब उठली. नागरी हक्कांची सगळ्यात जुनी संघटना, एनएएसीपी, कोर्टात गेली. वर्णभेदाविरुद्ध ठराव करणाऱ्या माणसाने वर्णाप्रमाणे शाळा वाटल्या! कायदा अमलात येण्याआधीच २००७ मध्ये बदलावा लागला.

त्यांचं म्हणणं मला माहीत आहे. शाळा वस्तीप्रमाणे आधीच वेगळ्या झाल्या आहेत, काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या भागात नेणंही बंद केलंत, मग निदान आमच्या मुलांच्या शाळांचा कारभार तरी आमच्या हातात द्या. ऐकायला तर्कशुद्ध आहे. पण माझ्या ऑफिसातली एक सहकारी, वयाने माझ्या आईएवढी, त्याच वस्तीत वाढलेली, अजून त्या विषयावर गप्प होते. ती त्यांना दरवेळी मत द्यायची. त्या एका गोष्टीवर मात्र मान हलवते आणि डबा उघडते.

---

कणसातला_दाणा

@अदिती_ओमाहा, मुद्दाम नाही, पण टाळलं असेल कदाचित. बरोबर आहे तुझं. मला तो निर्णय अजूनही पटत नाही. त्याचा तर्क सलूनमधल्या तर्कासारखाच होता: तुम्ही करणार नाही आहात हे मला माहीत आहे, तर ढोंग कशाला. पाद्रीला ते ऐकवणं वेगळं आणि कायद्यात लिहिणं वेगळं.

---

बाबुराव_डॅलस

सगळे आरत्या ओवाळतायत म्हणून जरा आंबट प्रतिसाद. ४९ लोक निवडून आलेत, त्यांना मागे मतदार आहेत. एक माणूस घड्याळ खातो म्हणून ४८ लोकांनी त्याच्या टेबलापाशी जाऊन "काय काढू" विचारायचं? याला लोकशाही म्हणायचं की वेठीला धरणं? उद्या तुम्हाला न आवडणारा कुणी हेच करेल तेव्हा टाळ्या वाजवाल?

आणि जीभ. मार्च २०१५ मध्ये पोलिसांची तुलना आयसिसशी केली होती यांनी. अख्ख्या ओमाहा पोलीस दलाला सरसकट अतिरेक्यांच्या पंगतीत बसवायचं?

---

कणसातला_दाणा

@बाबुराव_डॅलस, आंबट नाही, रास्त आहे. दुसऱ्या मुद्द्यावर वाद नाही. बरेच सहकारी त्याच्यावर तुटून पडले, माफी मागा म्हणाले. त्याने मागितली नाही. त्या वस्तीत पोलिसांविषयी जे बोललं जातं ते मी सभागृहात बोललो, अशी त्याची भूमिका. मी तिथे राहत नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

पहिल्या मुद्द्यावर: नियम सगळ्यांना सारखेच होते. ते पुस्तक प्रत्येकाच्या टेबलावर असायचं. वाचणारा एकच निघाला. आणि न आवडणाऱ्याने हेच केलं तर? केलंय की. अलीकडे इथे दोन्ही बाजूंचे लोक लांबण लावतात, आणि मला राग येतो. तेव्हा तुमचा चिमटा बसला, मान्य.

---

कोर्टाची_पायरी

फाशीच्या भागात एक मुंबईचा धागा राहिला. २००८ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने विजेची खुर्ची घटनाबाह्य ठरवली. फाशीची शिक्षा कायम, पण द्यायची कशी हाच प्रश्न. म्हणून इंजेक्शनचा कायदा आला. आता औषध कुठून आणायचं? अमेरिकेत सोडियम थायोपेंटल मिळेना, म्हणून राज्याने ते मुंबईच्या एका औषध कंपनीकडून मागवलं. आपलं औषध कशासाठी वापरणार आहेत यावर बोभाटा झाल्यावर त्या कंपनीने २०११ मध्ये या कामासाठी विक्री बंद केली. २०१५ मध्ये पुन्हा प्रयत्न, या वेळी कोलकात्याच्या एका विक्रेत्याला ५४,४०० डॉलर मोजले. आयात बेकायदा आहे असं अमेरिकेच्या केंद्रीय औषध प्रशासनाने सांगितलं आणि माल आलाच नाही. चेंबर्स ते विधेयक मांडत होते त्याच महिन्यांत हे चाललं होतं. "सरकारला हे जमत नाही" म्हणणाऱ्या परंपरावाद्यांच्या हातात आयताच मुद्दा पडला.

---

अभ्यासू_मुंगी

वाचनखूण साठवली. पण एक कळलं नाही, इतकी वर्षं निवडून येत होता तर २००९ मध्ये गेला कसा आणि परत आला कसा?

---

कणसातला_दाणा

@अभ्यासू_मुंगी, २००० मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती केली: सलग दोनच मुदती, म्हणजे आठ वर्षं. त्यानंतर एक मुदत घरी बसायचं. इथे कुणालाही विचारा, हसून सांगतील की हा नियम एका माणसासाठी झाला. त्याला निवडणुकीत पाडता येत नव्हतं. त्याच्याबरोबर इतर अनुभवी माणसंही गेली, ते वेगळंच नुकसान.

मग पठ्ठ्या चार वर्षं थांबला. मधल्या काळात ओमाहाच्या शाळांसाठी नेमलेल्या एका मंडळावर निवडून आला. (हो अदिती, २००६ च्या भांडणातूनच जन्मलेलं मंडळ.) २०१२ मध्ये पुन्हा त्याच मतदारसंघात उभा राहिला, विद्यमान आमदार ब्रेंडा काउन्सिल यांना हरवलं आणि ७५ व्या वर्षी परत आला. फाशीचं विधेयक या दुसऱ्या डावातलं. पुन्हा आठ वर्षं झाली, जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा बाहेर. एकूण ४६ वर्षं. नेब्रास्काच्या इतिहासात इतकी वर्षं दुसरं कुणी बसलेलं नाही.

---

खवचट_खापरे

मका खाऊन इतकी ताकद येते?

---

शनिवारचा_फॅन

अवांतर: नेब्रास्का म्हटलं की आम्हाला फक्त कॉलेज फुटबॉल माहीत. त्यावर या माणसाने काही केलं नाही का?

---

कणसातला_दाणा

@शनिवारचा_फॅन, अवांतर नाहीच! इथे सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये नव्वद हजार माणूस लाल कपड्यांत बसतो. खेळाडू पोरं, बरीचशी काळी. पैसा सगळ्यांना मिळतो, पोरांना नाही. या पोरांना मानधन द्या, असं चेंबर्स १९८० च्या दशकापासून म्हणत होता आणि लोक हसत होते. २००३ मध्ये विधेयक मंजूर झालं, राज्यपाल माइक जोहान्स यांनी सहीसुद्धा केली. पण अट अशी की नेब्रास्का ज्या लीगमध्ये खेळायचं त्यातल्या इतर काही राज्यांनीही तसाच कायदा केला तरच लागू. कुणी केला नाही. जुलै २०२१ मध्ये देशभरातल्या कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. चेंबर्स त्याच वर्षी जानेवारीत घरी गेला होता.

आणखी एक राहिलं, पहाडी सिंहांचं. राज्याने त्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू केला तो बंद करायचं विधेयक त्याने २०१४ मध्ये मंजूर करून घेतलं. हाइनमन यांनी फेटाळलं. या वेळी मतं कमी पडली.

---

नाना_माणदेशी

दाणे, ते सांगलीचे काका लिंकनला गेल्यावर काय म्हणाले ते लिहायचं राहिलं की.

---

कणसातला_दाणा

@नाना, आम्ही गेलो तेव्हा अधिवेशन नव्हतं, सभागृह रिकामं. चारशे फुटांचा मनोरा आहे, त्याच्या टोकावर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचा कांस्य पुतळा. गळ्यात झोळी, हात मागे गेलेला, आता बी टाकणार. काका खाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, "फेकून पेरतोय. आमच्याकडे पाभर असती."

आत गेल्यावर गॅलरीतून टेबलं मोजली. ४९ ची मोजणी दोनदा चुकली. मग गाइडने पूर्वेकडचं दुसरं दालन दाखवलं. इमारत बांधली तेव्हा दोन सभागृहं होती, त्यातल्या वरच्या सभागृहाची ही जागा, १९३७ पासून ओस. दाराला मूळ रहिवाशांची कोरीव लाकडी चित्रं, एकेक दार साडेसातशे पौंडांचं. काकांनी गाइडकडे बघितलं, गाइडने मान डोलावली, काकांनी एका हाताने दार ढकलून पाहिलं.

"एकट्याला जड आहे," म्हणाले. पण हललं.

---

खवचट_खापरे

काकांना पुढच्या वेळी कोट-टाय घालायला लावू नका, बिनबाह्यांचा स्वेटशर्ट आणा.

---

अदिती_ओमाहा

@दाणा, काका अजून आहेत का इथे? रविवारी थालीपीठं करतेय. सहकारीही येणार आहे, ती २००६ वाली. दोघांना समोरासमोर बसवू या.